आधी विचारा, ते खातात काय

तुमचे चार प्रश्न आधी मांडून घेतो, म्हणजे उत्तर भरकटलं तर मला धरता येईल. पृथ्वीबाहेर जीव असलेच तर ते कसे दिसतील? तिथेही उत्क्रांती होईल का? माणसासारखं कुणी घडेल का? आणि शेवटी तुम्ही हसत हसत विचारलेला: भेटले तर ते आपल्याला खातील का? हसू नका, चारांत तोच सगळ्यांत शास्त्रीय आहे.

माझा पेशा सूक्ष्मजीवशास्त्राचा. तीसेक वर्षं मी चिखलातले, खाऱ्या पाण्यातले, खडकांतले जीवाणू वाढवले. या धंद्यात 'हा दिसतो कसा' याला फारशी किंमत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली निम्मी दुनिया गोळ्यांची आणि उरलेली काड्यांची. पहिला प्रश्न असतो, हा जगतो कशावर? ते कळलं की तो कुठे राहत असेल, किती वेगाने वाढेल, त्याच्या शेजारी कोण असेल, हे बरंचसं मागोमाग कळतं. परग्रहावरच्या जीवांचा विचारही मी याच वाटेने करतो.

ही वाट मला लोणारने दाखवली, तीही फजिती करून. विद्यार्थी असताना पहिल्यांदा लोणार सरोवराच्या काठचा काळा चिखल बाटल्यांत भरून एसटीने पुण्याला आणला. कुजक्या अंड्याचा वास असा सुटला की कंडक्टरने दोनदा पिशवीत काय आहे विचारलं. प्रयोगशाळेत आल्यावर नेहमीच्या न्यूट्रियंट अगारच्या, म्हणजे जीवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीच्या, बशांवर तो पसरला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. काही नाही. मी वहीत लिहिलंसुद्धा, 'नमुना बहुधा निर्जीव'. सरांनी तोच चिखल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. आत जत्रा भरली होती. सर म्हणाले, "अरे, ते धुण्याच्या सोड्यात राहतात आणि तू त्यांना साधं वरण वाढलंस." लोणारच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, दहाच्या आसपास असतो, माझ्या अगारचा सात होता. सोडा आणि मीठ घालून माध्यम नव्याने केलं, तेव्हा कुठे वसाहती उठल्या. त्याही थोड्याच. साधारणपणे सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या जीवाणूंपैकी शेकडा एकसुद्धा बशीत वाढत नाहीत. उरलेल्यांना काय आवडतं ते आपण ओळखलेलं नसतं.

हीच चूक जगातल्या सर्वांत महागड्या सूक्ष्मजीव-प्रयोगात झाली, असं मी म्हणतो. सगळे सहकारी ते मान्य करत नाहीत. १९७६ मध्ये नासाची दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. त्यांनी मातीत पौष्टिक द्रव ओतला: ग्लायसीन, अॅलनीन, लॅक्टेट, फॉर्मेट असे पदार्थ, ज्यांतला कार्बन किरणोत्सारी होता. कुणी ते खाऊन वायू सोडला तर किरणोत्सारी वायू सापडणार. सापडला! माती आधी तापवून घेतली तर मात्र सापडला नाही. अगदी जिवाणूंनी करावं तसं. पण दुसऱ्यांदा द्रव ओतला तेव्हा नवा वायू आला नाही. आमच्या अनुभवात जेवणारा दुसऱ्या वाढपाला पान पुढे करतो. शिवाय शेजारच्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थ जवळपास दिसलेच नाहीत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले आणि गोष्ट आणखी गुंतली: व्हायकिंगच्या त्या दुसऱ्या उपकरणात माती भाजली जात असे, आणि तापलेलं परक्लोरेट सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं. म्हणजे एका उपकरणाने पृथ्वीचं जेवण वाढलं आणि दुसऱ्याने पुरावाच भट्टीत घातला. बहुतेक जण आज तो वायू मातीतल्या रसायनांचा मानतात. मीही मानतो.

म्हणून आता शोधण्याची पद्धत बदलली आहे. वाढून बघायचं नाही, खरकटं शोधायचं. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीला मंगळाच्या जेझेरो विवरात, एका कोरड्या नदीच्या पात्रात, ठिपकेदार खडक सापडला. त्याला चेयावा फॉल्स असं नाव दिलं. बिबट्याच्या अंगावरच्यासारखे त्याचे ठिपके. त्यांत विवियनाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असल्याच्या खुणा. पृथ्वीवर तळ्याच्या गाळात ऑक्सिजनऐवजी गंजलेल्या लोहावर आणि सल्फेटवर 'श्वास घेणारे' जीवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, तेव्हा मागे नेमकी अशी खनिजं उरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा शोधनिबंध आला, तोही जपून शब्द वापरून, कारण ही खनिजं जीवाविनाही घडू शकतात. उष्टं ताट दिसलंय. जेवणारा होता की वाऱ्याने सांडलं, हे ठरायचं आहे. त्या खडकाचा नमुना पृथ्वीवर आणल्याशिवाय ते ठरेल असं मला वाटत नाही.

आता उत्क्रांती. होईल का? होईलच. हे मी जितक्या खात्रीने सांगतो तितक्या खात्रीने या विषयात दुसरं काहीच सांगत नाही. उत्क्रांतीला डीएनए लागत नाही, पाणीही लागत नाही. स्वतःच्या प्रती काढणारी वस्तू हवी, प्रतीत मधूनमधून चुका हव्यात, त्या चुका पुढच्या पिढीत उतरायला हव्यात आणि सगळ्यांना पुरेल इतकं अन्न नको. एवढं जुळलं की निवड सुरू. रसायनं कोणती का असेनात.

ती कुठे नेईल, हे मात्र वेगळं. १९८८ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या एकाच वाणापासून बारा चंबू सुरू केले. रोज थोडा द्रव ताज्या माध्यमात टाकायचा, आपण रोज विरजण लावतो तसं. माध्यमात ग्लुकोज अगदी तुटपुंजं, आणि एका तांत्रिक कारणाने सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, भरपूर. ई. कोलायला ऑक्सिजन असताना सायट्रेट खाता येत नाही. म्हणजे भरल्या ताटासमोर उपाशी बसल्यासारखं. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका चंबूतल्या जीवाणूंनी ते खायला सुरुवात केली आणि चंबू गढूळ झाला. बाकीच्या अकरांत ते आजतागायत जमलेलं नाही. बाराही चंबूंत सारखं घडलं ते वेगळं: सगळे वेगाने वाढू लागले, सगळ्यांच्या पेशी मोठ्या झाल्या. सोपं ते सगळीकडे पुन्हा पुन्हा घडतं. ज्याला आधी दोन-तीन अडनिड्या पायऱ्या लागतात ते एखाद्याच ठिकाणी घडतं. परग्रहांबद्दल अंदाज बांधताना हा बारा चंबूंचा हिशेब मी डोळ्यांसमोर ठेवतो.

एक खरं ठिकाण घेऊन हा हिशेब करून दाखवतो, नाहीतर सगळं हवेत राहील. शनीचा चंद्र एन्सेलॅडस. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. मुंबईहून निघालात तर हैदराबादलाही पोचणार नाही. वर बर्फाचं कवच, खाली खारा समुद्र. २००५ मध्ये कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे पाण्याचे फवारे पाहिले आणि पुढे त्यांतून उडत जाऊन चव घेतली. त्यांत क्षार निघाले, सेंद्रिय रेणू निघाले, तळाशी गरम झरे असावेत असं सुचवणारे सिलिकाचे कण निघाले, २०१७ मध्ये हायड्रोजन जाहीर झाला आणि २०२३ मध्ये फॉस्फेट. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र मिळाले की माझ्यासारख्याच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण या दोघांपासून मिथेन करून त्यावर जगणारे जीव आपल्याकडे गायीच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत आणि लोणारच्या गाळातही आहेत. व्हिएन्नातल्या एका गटाने २०१८ मध्ये असा एक समुद्रतळचा जीव एन्सेलॅडससारख्या परिस्थितीत वाढवूनही दाखवला.

तर अन्न आहे. पण किती पौष्टिक? एक मोल, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडला तर प्रमाण परिस्थितीत २३७ किलोज्यूल कामाला येतात. तोच हायड्रोजन मिथेन करण्यात घालवला तर सुमारे ३३. सातपट फरक! आता अन्नसाखळीचा ढोबळ नियम लावा: खालच्या पायरीच्या ऊर्जेतला दहावा भाग वरच्या पायरीला मिळतो. ऑक्सिजनवर चालणाऱ्या दुनियेत गवत, टोळ, बेडूक, साप, गरुड अशा चार-पाच पायऱ्या उभ्या राहतात. मिथेनवाल्यांच्या दुनियेत पहिलीच पायरी इतकी रोड की तिच्यावर एक चरणारा जीव बसला तरी पुष्कळ. म्हणून एन्सेलॅडसच्या समुद्रात माझ्या डोळ्यांसमोर येतं ते असं: झऱ्यांच्या तोंडाशी खडकावर चिकट, पातळ थर, नखाएवढ्या जाडीचे, त्यांत थोडे चरणारे, आणि फुकटे. फुकट्यांबद्दल मी पैज लावायला तयार आहे. जिथे प्रती काढणारे आहेत तिथे दुसऱ्याच्या यंत्रणेवर आपली प्रत काढून घेणारा निपजतोच. आपल्याकडे त्यांना विषाणू म्हणतात. डोळे नसतील, कारण उजेड नाही. चव मात्र फार तीक्ष्ण असेल. व्हेल? नाही हो.

इथे हमखास कुणीतरी समुद्रतळाच्या गरम झऱ्यांचं उदाहरण देतं. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ आल्विन पाणबुडीतून भूशास्त्रज्ञ खाली गेले आणि त्यांना सूर्यप्रकाशाविना नांदणारी अख्खी वस्ती दिसली. मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मलिनही नव्हतं, म्हणून थोडे व्होडकात बुडवले. तिथले माणसाएवढे लांब नळीकृमी तोंड आणि आतडं नसलेले. पोटातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वापरून त्यांना पोसतात. उदाहरण सुंदर आहे, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. ते जीवाणू सल्फाइड जाळतात ते ऑक्सिजनने, आणि तो ऑक्सिजन वरून, सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या शेवाळांकडून आणि वनस्पतींकडून आलेला असतो. सूर्य विझला तर हे मोठे कृमीही जातील. उरतील ते मिथेन करणारे बारके. गुरूच्या युरोपा चंद्राबद्दल मला एन्सेलॅडसपेक्षा जास्त आशा वाटते ती याचसाठी. गुरूभोवतीचे कण युरोपाच्या बर्फावर आदळून पाण्याचे तुकडे करतात आणि ऑक्सिजन सुटतो. जुनो यानाच्या मोजणीवरून २०२४ मध्ये त्याचा अंदाज सेकंदाला सुमारे १२ किलो असा आला. आधीच्या बऱ्याच अंदाजांपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. त्यातला काही भाग बर्फातून खालच्या समुद्रात झिरपत असेल तर तिथे डोळ्यांना दिसेल एवढ्या आकाराचं काहीतरी पोसलं जाऊ शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. ते जीव शोधायला नाही, तिथे स्वयंपाकघर आहे का ते बघायला जातंय.

दिसण्याबद्दल आता बोलता येईल. पोहायचं असेल तर अंग निमुळतं होतं: ट्यूना मासा, डॉल्फिन आणि डायनासोरांच्या काळातला इक्थिओसॉर यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी तिघांची घडण एकाच साच्यातली. पाण्याचा रोध इथे जसा तसाच तिथेही. पंखांनी उडणं पृथ्वीवर चार वेळा वेगवेगळं निपजलं: कीटक, टेरोसॉर, पक्षी, वटवाघळं. आपल्यासारखा भिंगाचा डोळा ऑक्टोपसनेही स्वतंत्रपणे कमावला, आणि खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा नीट. त्याच्या डोळ्यात आंधळा ठिपका नाही. म्हणून उजेड आणि भरपूर ऊर्जा असलेल्या ग्रहावर पोहणारे, उडणारे, बघणारे असतील असं मी म्हणेन. तांबड्या खुज्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर झाडं असलीच तर ती काळपट असावीत, कारण मिळतो तेवढा मंद, तांबडा आणि अवरक्त उजेड सगळाच शोषून घ्यावा लागेल. शनीच्या टायटन चंद्रावर, उणे १७९ अंशांच्या मिथेनच्या तळ्यांत, कुणी असलंच तर त्याचं आयुष्य इतकं संथ असेल की आपण त्याला दगड समजून पुढे जाऊ. टायटनबद्दल याहून जास्त लिहिणं म्हणजे कल्पनेच्या भराऱ्या. त्या चांगल्या असतात, पण त्यासाठी मला विचारू नका.

माणसासारखं कुणी? दोन हात, दोन पाय, पाच बोटं हा सगळा आपल्या माशासारख्या पूर्वजांचा वारसा आहे. ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या अॅकँथोस्टेगा या चार पायांच्या आद्य प्राण्याला पुढच्या पायाला आठ बोटं होती. तोच साचा टिकला असता तर सोळा आण्यांचा रुपया आपण कधी सोडला नसता. पण बोटं किरकोळ. खरी अडचण फार मागे आहे. पृथ्वीवर जीव निदान साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी होते, म्हणजे ग्रह निवल्यावर तसे लवकरच. त्यानंतर दीड-दोन अब्ज वर्षं नुसते गोळ्या आणि काड्या. मग एकदा, आपल्याला ठाऊक आहे तितकं फक्त एकदाच, एका पेशीत दुसरी पेशी शिरली आणि पचली नाही. आतली पेशी वीजघर होऊन बसली. तिलाच आज आपण मायटोकाँड्रिया म्हणतो. हे गिळताना झालं की दोघी आधीपासून एकमेकींच्या टाकाऊवर जगत होत्या, यावर आमच्याकडे अजून भांडणं चालतात. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार नव्याने ठामपणे मांडला तेव्हा त्यांचा निबंध आधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. झाड, बुरशी, मुंगी, माणूस, सगळे त्या एका न पचलेल्या पाहुण्याचे वंशज. डोळा अनेकदा निपजला, बहुपेशीपणाही वीसेक वेळा, पण हे एकदाच. सायट्रेटवाल्या चंबूसारखं. म्हणून माझा अंदाज: विश्वात जीव पुष्कळ ठिकाणी, पण बहुतेक ठिकाणी गोळ्या आणि काड्याच. बर्फाखालच्या समुद्रात कुणी हुशार निपजलं तरी त्याला विस्तव करता येणार नाही, धातू गाळता येणार नाही, आणि तारे तर दिसणारच नाहीत. नारायणगावजवळच्या खोडदला आपण ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून बसवल्या आहेत. तो पाण्याखालचा शहाणा तिथे कधी ऐकू येणार नाही.

पुण्याच्या वाचकाशी बोलतोय, म्हणून एक प्रयोग सांगायलाच हवा. दिवंगत जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने इस्रोने हैदराबादहून मोठे फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५ च्या फेरीत १२ जीवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या; हैदराबादच्या आणि पुण्याच्या संस्थांनी त्या तपासल्या आणि २००९ मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यांतल्या एकीचं नाव इस्रोवरून, एकीचं आर्यभटावरून. बाहेरून जीव येतात हे यातून सिद्ध होत नाही, असं इस्रोनेच स्पष्ट म्हटलं. धंद्यातला माणूस म्हणून माझी टिप्पणी वेगळी आहे. ओळख पटवायला ज्या जनुकाची मोजपट्टी लावली ती पृथ्वीवरच्या जीवांवरून बेतलेली, आणि वाढवायला माध्यमंही आपलीच. ज्याला आपलं जेवण रुचलं आणि ज्याला आपली मोजपट्टी लागू पडली, तो आपलाच भाऊबंद निघणार. नारळीकरांचं यावर उत्तर असायचं की आपणच बाहेरून आलो असू तर भाऊबंद निघणारच! तर्कात चूक नाही. पण प्रयोगाला त्यातून सुटका मिळत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ते आपल्याला खातील का? प्रथिनांच्या विटा म्हणजे अमिनो आम्लं; ती बहुतेक डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन प्रकारांत येतात, आणि आपली प्रथिनं डाव्या वळणाच्यांची बनलेली. उल्कांमध्ये आणि बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत अमिनो आम्लं आहेत, पण बेन्नूच्या मातीत डावी-उजवी जवळपास सारखीच. म्हणजे दुसरीकडे कुणी उजवी निवडली असतील तर त्यांना आपलं मांस पचवणं अवघडच, आणि आपल्याला त्यांचं. साथीचा रोग तर त्याहून कठीण. विषाणूला यजमानाच्या पेशीची किल्ली लागते आणि ती एकत्र वाढल्याशिवाय घडत नाही. माझी भीती उलट दिशेची आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅसिनी यान मुद्दाम शनीत जाळून टाकलं, कारण इंधन संपल्यावर ते भरकटून एन्सेलॅडसवर आदळण्याची आणि आपले जंतू तिथे पोचण्याची शक्यता होती. यानं बांधतात त्या स्वच्छ खोल्या अल्कोहोलने आणि साबणाने पुन्हा पुन्हा पुसतात, तरी तिथे अॅसिनेटोबॅक्टर जातीचे जीवाणू टिकून असतात. हे टिकतात कसे, हे कॅलिफोर्नियातल्या एका गटाने तपासलं आणि २०१८ मध्ये उत्तर छापलं. त्या खोलीत खायला दुसरं काहीच नसतं, म्हणून ते पुसायचं अल्कोहोलच खातात.